विद्यार्थ्यांच्या लेखनातील नेहमीच्या चुका

मावळातील एखाद्या शाळेत 'माझे गाव' हा निबंध लिहावयास दिला, की 'लोनावळा', 'पानी', 'मुलाना' असे शब्द वह्यांतून हटकून आढळतात. तांबड्या शाईने ते सारखेच खोडले जातात. वस्तुतः त्यांची कारणे सारखी नाहीत.

घरी 'पानी' ऐकणारे मूल 'पानी' लिहिते, ते कानाशी प्रामाणिक राहून. हा आळस नव्हे. घरची बोली अशुद्ध आहे, असे तर मुलास कधीच सांगू नये. तसे ऐकलेले मूल पुढे चार ओळी लिहावयासही कचरते. 'न' म्हणताना जीभ दातांमागे टेकते, 'ण' म्हणताना ती मागे वळून टाळूस लागते, एवढे करून दाखवावे आणि 'मन' व 'मण' हे शब्द फळ्यावर शेजारी लिहावेत.

'मुलाना' ही चूक निराळी आहे. येथे गळालेला अनुस्वार ही अनेकवचनाची खूण होय. 'शेतकऱ्याला' म्हणजे एकास, 'शेतकऱ्यांना' म्हणजे अनेकांस. आदरार्थीही तो हवाच : 'बाबांना', 'गुरुजींनी'. अनुस्वाराविषयी मोठ्यांचाही गोंधळ होतो, त्यास कारण आहे. पूर्वी 'तेथें', 'घरांत' असे लिहीत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. तेव्हापासून 'घरात' म्हणजे एका घरात आणि 'घरांत' म्हणजे अनेक घरांत. घरातील जुने पुस्तक वाचणाऱ्या मुलास हा भेद सांगितल्याशिवाय कळणार नाही.

'पीक–पिकाला', 'मूल–मुलाला' यांतील ऱ्हस्व-दीर्घ मोठ्याने वाचून घेतल्यास बरेचसे साधते; 'शरीर–शरीराला' असे तत्सम शब्द मात्र वेगळे दाखवावे लागतात.

विरामचिन्हांची उपेक्षा सर्वांत अधिक होते. मोडीत ती नव्हतीच. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी ती मराठीत रूढ केली. 'आम्ही लोहगडावर गेलो दुपारी पाऊस आला' या वाक्यात 'दुपारी' कोणाकडे जातो? गडावर दुपारी गेले, की पाऊस दुपारी आला? मुलाकडूनच वाक्य वाचून घ्यावे. आवाज जेथे थांबेल, तेथे पूर्णविराम त्यानेच द्यावा. त्या दिवशी त्या वहीत दुसरी चूक दाखवू नये. 'लोनावळा' पुढच्या आठवड्यात सुधारता येईल.