वाढत गेलेली कुटी

वडनेरच्या मंडळींना सेवाग्राम परकं नाही. शिक्षक तर मुलांची सहल तिकडे नेतातच. पण बापूकुटीसमोर उभं राहून कधी विचारलंत काय, की ही कुटी पहिल्या दिवसापासून अशीच होती?

तशी नव्हती. गांधीजी 1936 साली शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहावयास आले तेव्हा त्यांचा मुक्काम आदि-निवासात होता. बापूकुटी मूळची मीराबहेनची. पुढे गांधीजी तिथं राहू लागले, कामाचा व्याप वाढला, तशी कुटीलाही जोड द्यावी लागली. म्हणजे आपण जिला इतक्या आदरानं जपतो, ती बदललेलीच इमारत आहे! भिंतीवर मीराबहेननी मातीत उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा मात्र तसेच राहिले.

सिमेंट-काँक्रीटच्या काळातल्या वास्तुकारांनाही ही रीत पटली. चार्ल्स कोरिया यांनी साबरमतीला उभारलेलं गांधी संग्रहालय 1963 साली खुलं झालं. विटांचे खांब, काँक्रीटच्या तुळया, वर कौलं. आणि सारखे चौरस खण असे मांडलेले, की पुढे गरज पडल्यास आणखी खण जोडावेत.

तेव्हा बदल म्हणजे नासाडी, असं समजू नका. पण कोणताही बदल चालतो, असंही नाही. मातीची भिंत पोपडे धरू लागली की कोणीतरी सुचवतं, “सिमेंटचा गिलावा मारून टाका, कटकट नको.” दिसायला भिंत पक्की होते, पण आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही आणि माती आतून भुसभुशीत होते. त्यापेक्षा दरसाल लिंपावं, पावसाळ्याआधी कवेलू फेरावेत. कष्ट आहेत खरे, पण घर टिकतं ते त्यांच्यावरच.

तुमच्या गावातही जुनी शाळा किंवा चावडी असेल. कुठे व्हरांडा बंद करून खोली काढलेली, कुठे कवेलू उतरवून पत्रे टाकलेले. “आता जुनं राहिलंय काय तिच्यात? पाडा,” असा ठराव येण्याआधी गुरुजींनी एक करावं. मुलांना टेप द्यावी, भिंती मोजायला लावाव्यात, जोड कुठे दिसतो ते शोधायला सांगावं. मग त्यांना गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे पाठवावं : बाबा, ही खोली केव्हा काढली, आणि कशापायी? मिळालेली उत्तरं वहीत उतरवून घ्यावीत, आणि ती वही ग्रामसभेत वाचून दाखवावी. पाडायचं की राखायचं, हे मग ठरवा.