सहलीच्या बिलातला टीसीएस: कर नव्हे, नोंद

परदेश सहलीच्या बिलात टीसीएसची ओळ दिसली की ‘सरकारने फिरण्यावरही कर लावला’ असं सर्रास म्हटलं जातं. हा समज चुकीचा आहे आणि तो प्रवाशाला महागात पडतो. टीसीएस म्हणजे सहल कंपनीने तुमच्याकडून घेऊन तुमच्या पॅनवर सरकारजमा केलेला आगाऊ आयकर. १ ऑक्टोबर २०२० रोजी तो ५ टक्क्यांनी सुरू झाला. ऑक्टोबर २०२३पासून वर्षाला ७ लाखांवरच्या रकमेला २० टक्के दर लागला, एप्रिल २०२५मध्ये ही मर्यादा १० लाख झाली आणि १ एप्रिल २०२६पासून दर सरसकट २ टक्क्यांवर आला. म्हणजे १२ लाखांच्या सहलीवर २०२५-२६मध्ये ९० हजार रुपये आधी भरावे लागत, आता २४ हजार. ही रक्कम आयकर पोर्टलवर तुमच्या नावे दिसते, विवरणपत्रात करातून वजा होते आणि जास्त असेल तर परत मिळते. खरं नुकसान होतं ते विवरणपत्रच न भरणाऱ्यांचं. उत्पन्न करपात्र नाही म्हणून गप्प बसणारे अनेक पेन्शनर स्वतःचे पैसे सरकारकडेच ठेवून मोकळे होतात.

परत द्यायचे तर पैसे महिनोन्‌महिने अडकवायचे कशाला, हा आक्षेप रास्त आहे. आयुष्यात एकदा युरोप पाहायला वर्षानुवर्षं बचत करणाऱ्या कुटुंबासाठी २० टक्के दर जाचकच होता. पण नियमाचा हेतू मुळात नोंदीचा आहे: परदेशात लाखो रुपये खर्च करणारा माणूस आयकराच्या नकाशावर असावा. एवढ्यासाठी २ टक्के पुरेसे आहेत, म्हणूनच ही कपात मला योग्य वाटते. नोकरदारांना तर परताव्याची वाटही पाहावी लागत नाही. ऑक्टोबर २०२४पासून टीसीएसचा तपशील नोकरी देणाऱ्या कंपनीला दिला की पगारातली करकपात तेवढी कमी होते. आणि नुसतं विमानाचं तिकीट किंवा नुसतं हॉटेल घेतलं, तर टीसीएससाठी ते ‘पॅकेज’ ठरतच नाही, म्हणून तो लागतही नाही. प्रवास, निवास, तत्सम खर्च यांपैकी किमान दोन गोष्टी एकत्र असाव्या लागतात.

जीएसटीचं तसं नाही. तो गेला की गेला. सहलीच्या पूर्ण रकमेवर ५ टक्के लागतो आणि हॉटेलला भरलेल्या जीएसटीची वजावट सहल कंपनीला मिळत नाही. तीर्थयात्रेला तो माफ असतो, असं अनेकजण मानतात. प्रत्यक्षात ही सूट द्विपक्षीय करारांखालच्या यात्रांपुरती, हज कमिटी आणि कैलास-मानसरोवर यात्रा नेणारं कुमाऊँ मंडल विकास निगम यांनाच आहे. खासगी हज कंपन्यांनी ती मागितली, पण सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२मध्ये नाकारली. अष्टविनायक असो वा चारधाम, खासगी सहलीला कर आहेच. मात्र वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या व्यावसायिकाला नोंदणी सहसा सक्तीची नसते, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी आकारताच येत नाही.

‘बिल कशाला, थोडं कमी द्या’ हा व्यवहार दोघांनाही सोयीचा वाटतो. वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपण्याचं बंधन नोंदणीकृत व्यावसायिकाला काचतं, हेही खरं. पण सहल रद्द झाली तर ग्राहक आयोगापुढे प्रवाशाचा सर्वांत भक्कम आधार तेच कागद असतात. एका सहलीपोटी २ लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणं कायद्याने निषिद्ध आहे, हप्ते पाडले तरीही. दंड घेणाऱ्याला होतो, पण पुराव्याविना राहतो तो देणारा. म्हणून पैसे भरण्याआधी बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासा, आपला पॅन बरोबर लिहिलाय ना ते पाहा आणि टीसीएसचं प्रमाणपत्र मागून घ्या.