हवेतल्या लहरी, कंपनीचा परवाना आणि आपला रिचार्ज



गटाच्या मासिक बैठकीत हल्ली हप्त्याच्या खालोखाल विषय निघतो तो रिचार्जचा. "आम्हाला नुसतं बोलायचं असतं, मग नेटचे पैसे कशाला भरायचे?" "आमच्या वस्तीवर एकाच कंपनीची रेंज येते, ती सांगेल तो भाव द्यायचा का?" असे प्रश्न बायका आम्हाला विचारतात. याचं उत्तर रिचार्ज मारणाऱ्या दुकानदाराकडे नाही. ते सरकारच्या परवाना धोरणात आहे. आज तेच सोपं करून सांगतो.

मोबाईलवरचं बोलणं हवेतल्या लहरींवरून जातं. या लहरी मोजक्याच असतात. दोघांनी एकाच ठिकाणी त्याच लहरी वापरल्या तर आवाजात आवाज मिसळतो. म्हणून कोणी कोणत्या लहरी वापरायच्या ते सरकार ठरवतं. गावतलावाचा मासेमारीचा ठेका असतो ना, तसंच हे समजा. ठेकेदार पैसे भरतो, मासे विकतो, पण तलाव गावाचाच राहतो आणि ठेक्याच्या अटी त्याला पाळाव्या लागतात. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं. पुढे २००६ च्या धोरणाने सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा मिळाली. तुम्ही आमचं बोलणं ऐकता, तेही अशाच परवान्यावर.

आता थोडं मागे जाऊ. १८८५ च्या तार कायद्याने तार आणि नंतर फोन चालवायचा हक्क सरकारकडे होता. घरी फोन घ्यायचा तर अर्ज करून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट पाहावी लागे. बहुतेकांचं काम पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवरच भागायचं. १९९४ च्या दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडलं. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला.

पण तेव्हाचा मोबाईल गरिबाच्या कामाचा नव्हता. मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर होता आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. कंपन्यांनी परवान्यासाठी लिलावात भरमसाट बोली लावली होती. बाजाराचा ठेका चढ्या बोलीने घेतला की ठेकेदार पट्टी वाढवतो, तसं झालं. तरीही कंपन्यांना ती रक्कम भरता येईना. मग १९९९ च्या धोरणाने पद्धत बदलली. ठरलेली मोठी रक्कम भरण्याऐवजी उत्पन्नातला हिस्सा सरकारला द्यायचा, असं ठरलं. म्हणजे खंडाने घेतलेली जमीन बटाईवर आली म्हणा. त्याआधी १९९७ मध्ये या धंद्यावर लक्ष ठेवायला दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, नेमलं गेलं होतं. कंपन्या वाढल्या, चढाओढ लागली, २००३ पासून आलेला फोन फुकट झाला आणि दर उतरत गेले. शेतमजुरी करणाऱ्या बाईच्या कनवटीला फोन आला तो यामुळे.

मात्र चढाओढीने सगळंच साधत नाही. कंपनी जाते गिऱ्हाईक जास्त असेल तिथे. चाळीस उंबऱ्यांच्या पाड्यावर टॉवर उभा करणं तिला परवडत नाही. म्हणून परवान्यात अट आहे. कंपनीच्या उत्पन्नावर जे परवाना शुल्क लागतं, ते २०१३ पासून ८ टक्के ठरलं. त्यातले ५ टक्के एका वेगळ्या निधीत जातात. पूर्वी त्याला सार्वत्रिक सेवा दायित्व निधी म्हणत, आता डिजिटल भारत निधी म्हणतात. गडचिरोलीसारख्या भागात टॉवर उभे राहिले त्यात या निधीचा पैसा आहे. हा पैसा कंपनी अखेर आपल्याच रिचार्जमधून भरते, हे ध्यानात ठेवा.

परवाना वाटताना घोळ झाला तर काय होतं, तेही देशाने पाहिलं आहे. 'जो आधी येईल त्याला आधी' अशा रीतीने २००८ मध्ये दिलेले १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी रद्द केले. पुढे बऱ्याच कंपन्या बंद पडल्या किंवा दुसरीत मिसळल्या. आज मुख्यतः तीन खासगी आणि एक सरकारी उरली आहे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले. विकणारे कमी झाले की घेणाऱ्याचा जोर कमी होतो, हे आठवडी बाजारात आपण बघतोच.

म्हणून नियम माहीत असणं आपल्या फायद्याचं आहे. बैठकीत या चार गोष्टी वाचून दाखवा.

एक, नुसतं बोलणं आणि मेसेज यांचा, नेट नसलेला पॅक प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे, असा नियम ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये केला. बटणाचा फोन असलेल्या बाईने दुकानात तोच मागावा. बँकेचा ओटीपी मेसेजनेच येतो, तेवढ्याला हा पॅक पुरतो.

दोन, नंबर न बदलता कंपनी बदलता येते. ही सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. पण आधी वस्तीवर कोणाची रेंज टिकते ते शेजारणीच्या फोनवर पाहा.

तीन, तक्रार आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात करायची आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवायचा. दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. क्रमांक नसेल तर पुढे काही चालत नाही.

चार, रेंजच नसेल तर एकटीने कुरकुर करून भागत नाही. महिला ग्रामसभेत विषय घ्या, ठराव करा आणि त्याची प्रत तहसीलदार व जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्या. अर्जात किती घरं, किती बायका, शाळा आणि दवाखाना किती लांब, ते लिहा.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या फोनवर कोणता पॅक आहे आणि तो किती दिवसांचा आहे, ते विचारून यावं. गटाच्या वहीत एक पान त्यासाठी ठेवा. रुपया-रुपया जोडून आपण बचत करतो, मग न वापरलेल्या नेटवर तो का घालवायचा?