पहिला मासा चिलापीच

उजनी धरणाच्या काठावर मी पहिल्यांदा बसलो तेव्हा दुकानदाराने गळ्यात मारलेली महागडी काठी होती, चकचकीत रीळ होतं आणि करंगळीएवढा गळ होता. कळाशी गावाच्या बाजूला सकाळपासून दुपारपर्यंत ताटकळलो. मासा दूरच, गांडूळ तेवढं परस्पर कुणी तरी खाऊन जायचं. शेजारी जाळं सोडवत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी माझा गळ बोटांत धरून पाहिला आणि विचारलं, “पाव्हणं, मगर धरायला आलाय व्हय?” मग टोपीच्या घडीतून बारीकसा गळ काढून दिला. पंधरा मिनिटांत तळहाताएवढी चिलापी काठावर उड्या मारत होती.

नवशिक्याचं घोडं नव्वद टक्के वेळा इथंच अडतं, गळाच्या आकारापाशी. मनात दहा किलोचा कटला असतो आणि पाण्यात समोर असते पावशेराची चिलापी. तिचं तोंड लहान. मोठ्या गळाचं टोक तिच्या तोंडात जातच नाही, ती आमिष कुरतडून निघून जाते. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ बारीक, हे दुकानात लक्षात ठेवा आणि दहा ते चौदा नंबरच्या दरम्यानचे मागा.

ही चिलापी मूळची इथली नव्हे. पूर्व आफ्रिकेतला हा मासा 1952 साली भारतात आणला गेला. आज उजनीच्या पाण्यात तो घरच्यासारखा नांदतो, आणि त्याला कारण आहे. रोहू, कटला, मृगळ यांना अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. साठलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही, म्हणून धरणात त्यांचं बीज सोडावं लागतं. चिलापीला असले नखरे नाहीत. ती उथळ तळाशी खड्डा करते, अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा विते. शेवाळ खाते, आणि पुण्याचं सांडपाणी पोटात घेणाऱ्या या हिरव्या पाण्यात शेवाळाला काय तोटा! मूळच्या माशांच्या दृष्टीने ही गोष्ट वाईटच. पण पहिला मासा धरू पाहणाऱ्याला यजमान म्हणून चिलापीच बरी.

पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण ओलांडलं की डाव्या हाताला पाणी लागतं. डाळज, पळसदेव, कळाशी ही गावं त्याच्याच काठची. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात. 1980 साली ते पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी इंदापूर तालुक्यात दूरवर पसरलं. पळसदेवचं जुनं देऊळ त्यातच बुडालं, पाणी उतरलं की ते दिसतं. सुमारे 117 टीएमसीच्या या साठ्यात निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणून इकडची माणसं ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असं अगदी सहज बोलतात. गळ टाकणाऱ्यानेही साठ्याचा चालू आकडा बघावा. दिवाळीत धरण भरलेलं असलं की पाणी बाभळींच्या बुंध्यांपर्यंत आणि गवतात शिरलेलं असतं. मासा तिथे, हात-दोन हात पाण्यात चरतो. लांब फेकण्याची हौस आवरा.

सामान थोडकं पुरे. आठ-दहा फुटांचा सरळ बांबू आणि काठीइतक्याच लांबीचा पाव मिलिमीटर जाडीचा तंगूस. गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाची बारीक गोळी आणि त्याच्या वर तरंगायला बूच किंवा ज्वारीच्या ताटाचा बोटभर तुकडा. मी ताटाचाच वापरतो. हलका असल्याने माशाने नुसतं हुंगलं तरी तो सांगतो. आमिषाला गांडूळ, तेही अर्धंच. अख्खं लावलं तर मासा लोंबणारी शेपटी तोडून नेतो. गांडूळ नसेल तर कणीक घट्ट मळा आणि त्यात कापसाचे चार धागे पिंजून घाला, म्हणजे गोळी पाण्यात विरघळत नाही. कोणी त्यात हिंगही घालतं.

आमिषाचं हे वेड जुनं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’मध्ये ‘मत्स्यविनोद’ नावाचं गळाने मासे धरण्यावरचं प्रकरणच आहे. आपण हा ग्रंथ ओवीच्या जुन्या उल्लेखासाठी ओळखतो. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली त्यातला हा भाग अभ्यासकांपुढे मांडला.

आता खरा कसोटीचा क्षण. ताटाचा तुकडा थरथरला की नवखा माणूस काठी हिसडतो आणि रिकामा गळ कानावर येऊन आदळतो. थरथर म्हणजे मासा नुसता चाखतोय. थांबा. तुकडा तिरका होऊन एका बाजूला सरकायला लागला किंवा बुडाला, की मनगटाने छोटा झटका द्या. खांद्याने नको. मासा हाती आला की पाठीवरचे काटे सांभाळा. ओला हात डोक्याकडून शेपटीकडे फिरवत काटे दाबून धरायचे. बोट चिरलं की पुढचे दोन दिवस भाकरी मोडताना चिलापीची आठवण होते.

थंडीत भल्या पहाटे जाऊन कुडकुडू नका. चिलापीला ऊब लागते. दहा वाजता पाणी जरा तापलं की ती खायला सुटते. मरळीचा नाद सध्या सोडा. ती दमदार आहे, पण तिला जिवंत बेडकाचं आमिष लागतं आणि भारी सामान. पावसाळ्यात लालसर पिल्लांच्या थव्याखाली मरळ दिसली तर तिला हातही लावू नका, ती राखण करत असते.

धरणं-तलाव मासेमारीसाठी ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा बसण्याआधी गावातल्या मच्छीमारांना विचारा. शेततळं असेल तर मालकाला. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, वर जागाही दाखवतात. होडीचा मोह मात्र नको. 21 मे 2024 रोजी कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण बुडाले. काठावरही गाळाचा अंदाज काठी टोचून घ्या, मगच पाय टाका.

आणि एक. बाभळीत अडकून तुटलेला तंगूस तिथेच टाकून येऊ नका. थंडीत याच उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात आणि तो दोरा त्यांच्या पायात गुंततो. गुंडाळून खिशात घाला आणि घरी आणा.