टॅलीत न मावणारी पट्टी

गुळाच्या पेढीवरच्या दिवाणजींना माउस लागत नाही. एफ-नाइन दाबायचं, शेतकऱ्याच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरं टाकायची, एंटर, माल, वजन, दर, एंटर, एंटर, कंट्रोल-ए. संपली एक पट्टी. नजर स्क्रीनवर कमी आणि डाव्या हाताखालच्या सौदावहीवर जास्त. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात, आणि तिथून पुढे हंगामभर दिवाणजींची मान वर होत नाही.

शेतकऱ्याचा गूळ सौद्यात गेला की आडत्या त्याला जो हिशेब लिहून देतो, ती पट्टी. तिच्यावर रवे (गुळाच्या ढेपा) किती, वजन किती, कोणत्या प्रतीला काय दर निघाला, हमाली-तोलाई किती गेली, आधी घेतलेल्या उचलीपोटी किती कापले आणि हातात किती पडले, एवढं सगळं हवं. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली खरेदीची नोंद यातलं बरंचसं सांभाळते. जे सांभाळत नाही, ते वर्षानुवर्षं एकाच जागी कोंबलं जातं: खालच्या नॅरेशनच्या रकान्यात. एका पेढीचं जुनं नॅरेशन मी चाळलं. एकाच हमाल टोळीचा उल्लेख ‘टोळी ४’, ‘टो.४’, ‘४ नं.’ आणि नुसता ‘४’ अशा चार परींनी केलेला होता. वाचणाऱ्याला कळतं, बेरीज करणाऱ्या यंत्राला कळत नाही. मग आठवड्याच्या शेवटी टोळीवार हमाली काढायला दिवाणजी पुन्हा वहीच उघडतात.

ही उणीव भरून काढणाऱ्या माणसांचा महाराष्ट्रात एक शांत धंदा आहे. त्यांना कुणी प्रोग्रॅमर म्हणतं, कुणी ‘टीडीएलवाले’. पेढीवर, मेडिकलच्या होलसेल दुकानात, खत-बियाण्यांच्या एजन्सीत, सराफाकडे ते एक छोटी फाइल टॅलीला जोडून देतात आणि त्या दुकानापुरतं टॅली वेगळं वागायला लागतं. अशाच एका टीडीएलवाल्याच्या शेजारी बसून मी हे काम पाहिलं.

टॅलीचा जन्म १९८६चा. श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी ते उभं केलं. कंपनीचं तेव्हाचं नाव प्यूट्रॉनिक्स आणि आजचं ठाणं बेंगळुरू. भरत गोयंकांना २०२०मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांची मोठी कामगिरी म्हणजे टीडीएल, अर्थात टॅली डेफिनिशन लँग्वेज. टॅलीच्या आपल्याला दिसणाऱ्या खिडक्या, याद्या, अहवाल याच भाषेत लिहिलेले आहेत आणि तीच भाषा बाहेरच्या माणसालाही खुली आहे. त्यामुळे बाहेरून जोडलेला रकाना मूळ रकान्यांच्या ओळीत त्यांच्यासारखाच बसतो. दिवाणजींना मधली शिवण दिसत नाही.

पहिल्या बैठकीत प्रोग्रॅमरने लॅपटॉप उघडलाच नाही. त्याने जुन्या पट्ट्यांचा गठ्ठा मागितला आणि खाडाखोड झालेल्या पट्ट्या बाजूला काढल्या. “दिवाणजी, इथं हमाली का खोडली?” “रवे फुटून आलते ओ. मुकादमानं निम्मीच घेतली.” प्रोग्रॅमरने वहीत टिपलं: हमाली आपोआप यावी, पण हाताने बदलता यावी. नीट चाललेल्या पट्ट्यांवरून फक्त नियम समजतो. अपवाद खाडाखोडीत असतात, आणि फाइल लिहिताना घाम अपवादच काढतात.

मग मागण्यांची यादी झाली आणि त्यातल्या निम्म्या त्याने जागच्या जागी उडवल्या. पट्टीला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र क्रमांक हवा? व्हाऊचरचा नवा प्रकार काढा, त्याला टीडीएल कशाला? किलो आणि रवे दोन्ही दिसायला हवेत? एकाच मालाला दोन एककं देण्याची सोय टॅलीतच आहे. मोकळा रवा आणि एक किलोचे छापील खोके वेगळे दाखवायचे? दोन वेगळे माल उघडा, आणि तसंही ते उघडायलाच हवेत, कारण १८ जुलै २०२२पासून वेष्टनबंद, लेबल लावलेल्या गुळावर ५ टक्के जीएसटी आला आणि मोकळा गूळ करमुक्त राहिला. जे बटण दाबून होतं त्याचे पैसे तो घेत नाही. त्यामागे प्रामाणिकपणा आहेच, पण सावधपणाही आहे. लिहिलेली प्रत्येक ओळ पुढे सांभाळावी लागते.

शेवटी हमालीखेरीज फाइलमध्ये करायची कामं चारच उरली: नाव टाकताच शेतकऱ्याची उचल समोर दिसणं, टोळी क्रमांकाचा रकाना, प्रतवार रुपयाची गोळाबेरीज, आणि पट्टीची छपाई.

टीडीएलमध्ये खिडकीची उतरंड ठरलेली असते. रिपोर्टच्या पोटात फॉर्म, फॉर्ममध्ये पार्ट, पार्टमध्ये लाइन आणि लाइनमध्ये फील्ड. प्रत्येकाचं वर्णन चौकटी कंसाने सुरू होतं. टॅलीच्या मूळ वर्णनात फेरफार करायचा असेल तर त्याच्या नावाआधी # चिन्ह द्यायचं आणि खाली फक्त फरक सांगायचा: हे जोड, ते काढ, अमुकच्या जागी तमुक ठेव. मूळ जसंच्या तसं राहतं. फाइल काढून घेतली की टॅली पुन्हा पूर्वीसारखं.

चार ओळींचा हा फरक लिहायला वेळ लागत नाही. वेळ जातो तो जागा शोधायला. टॅलीच्या मूळ वर्णनांचं जंगल अफाट आहे. दिवाणजी ज्या ओळीकडे बोट दाखवून ‘हिच्या शेजारी’ म्हणतात, त्या ओळीचं आतलं नाव काय, आणि तीच ओळ आणखी कोणकोणत्या खिडक्यांत वापरली आहे, हे आधी हुडकावं लागतं. चुकीची ओळ धरली तर टोळीचा रकाना विक्रीच्या बिलावरही उगवतो.

चिन्हांचंही भान लागतं. $ लावलं की साठवलेली माहिती वाचली जाते, @ लावलं की सूत्र चालतं, एक # शेजारच्या फील्डमधली किंमत आणतो आणि दोन ## व्हेरिएबलची. एक # जास्त पडला की रकाना रिकामा दिसतो आणि चूक कुठे आहे ते स्क्रीन सांगत नाही. प्रोग्रॅमरची तपासणी सुरू असताना सगळ्या पट्ट्यांवर १ नाहीतर २ तारीख दिसत होती. त्याचं कारण त्याने हसत सांगितलं: लायसन्स नसलेलं, शिकण्यासाठीचं टॅली ठरावीक मोजक्याच तारखांच्या नोंदी घेतं. पेढीच्या खऱ्या हिशेबाला त्याने हात लावला नाही, त्याची नक्कल करून त्या प्रतीवरच सगळं केलं.

हमालीचा प्रश्न एका शब्दावर सुटला. रकान्याला ‘सेट अ‍ॅज’ने किंमत दिली तर ती सुचवलेली किंमत असते, माणूस तिच्यावर आपला आकडा टाकू शकतो. सोबत ‘सेट ऑलवेज’ लावलं की यंत्र दर खेपेला स्वतःचा हिशेब लादतं आणि दिवाणजींनी निम्मी केलेली हमाली पुन्हा पूर्ण होते. दुसरी ओळ घालायचा मोह होतो, कारण त्याने चुका कमी होतील असं वाटतं. फुटलेल्या रव्यांची पट्टी पाहिलेली असेल तर तो मोह आवरतो.

खरा पेच गोळाबेरजेत निघाला. समजा, एका शेतकऱ्याचे ४२ रवे तीन प्रतींत गेले: ४३७ किलो क्विंटलला ३,९१० रुपयांनी, ४१८ किलो ३,८६५ने आणि ३९३ किलो ३,७९०ने. रकमा येतात १७,०८६.७०, १६,१५५.७० आणि १४,८९४.७०. टॅली शेवटी एकदाच गोळा करतं, म्हणून ४८,१३७. दिवाणजी प्रत्येक प्रत वेगळी गोळा करतात, म्हणून ४८,१३८. एक रुपयाचा फरक. गणिताने दोन्ही बरोबर, पण यार्डात चालतं ते दिवाणजींचं, कारण शेतकरीही बोटांवर तसंच मोजतो.

प्रत्येक ओळीची रक्कम गोळा करणारं सूत्र प्रोग्रॅमरने दोन मिनिटांत घातलं आणि पहिली पट्टी छापून पाहिली. दर आला ३,९१०.०७. रकमेला हात लावला की टॅली वजनाने भागून दर उलटा काढतं. हिशेबशास्त्राला धरूनच ते आहे. पण सौद्यात सगळ्यांसमोर पुकारलेला दर ३,९१० होता. सात पैसे जास्त दिसले तरी शेतकरी विचारणार, ‘माझ्या गुळाचा दर बदलला कुणी?’ बाजार दराच्या शब्दावर चालतो, तिथे पट्टीवर भलताच आकडा छापून भागत नाही. मग ‘सौद्याचा दर’ असा एक वेगळा रकाना काढला, पुकारलेला दर तिथे जपला आणि पट्टीवर तोच छापला. टॅलीचा उलटा दर आतल्या आत राहिला.

असे नवे रकाने जिथे साठतात त्याला यूडीएफ म्हणतात. प्रत्येक यूडीएफला नाव, प्रकार आणि क्रमांक असतो. टॅली ओळखतं ते क्रमांकाने. मौज अशी की फाइल काढून टाकली तरी भरलेली माहिती कंपनीच्या हिशेबात तशीच पडून राहते, फक्त दिसत नाही. पुन्हा फाइल जोडली की दिसू लागते. धोकाही इथेच आहे. या पेढीच्या टॅलीला पूर्वी कुणीतरी गाडी नंबरासाठी एक टीडीएल लावली होती. तिच्यातला क्रमांक आणि टोळीसाठी घेतलेला क्रमांक योगायोगाने एकच निघाला, प्रकारही एकच. जुनी पट्टी उघडली तर टोळीच्या रकान्यात ‘एमएच-०९’ झळकलं. क्रमांक बदलून हे निस्तरलं, कारण ते प्रतीवरच लक्षात आलं. खऱ्या हिशेबात महिनाभराने कळलं असतं तर टोळ्या आणि गाड्यांची खिचडी वेगळी करता करता पुरेवाट झाली असती.

दोन फाइलींनी एकाच फॉर्मच्या एकाच गुणावर दावा सांगितला तर मागून लोड होणारी जिंकते. यादीत फाइलींचा क्रम बदलला की पट्टीचा चेहरा बदलू शकतो. म्हणून टॅलीप्राइममध्ये एफ-वन दाबून ‘टीडीएल अँड अ‍ॅड-ऑन’ची यादी काढणं ही प्रोग्रॅमरची कुठल्याही नव्या दुकानातली पहिली हालचाल असते. कोण येऊन गेलं आणि काय ठेवून गेलं, ते तिथे कळतं.

शिवाय खालची जमीन हलत असते. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि कराचे रकाने बदलले. नोव्हेंबर २०२०मध्ये टॅलीप्राइम आलं आणि खिडक्यांची मांडणी बदलली. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांना प्रत्येक फेरफाराचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर वापरणं सक्तीचं झालं. बहुतेक पेढ्या मालकीच्या किंवा भागीदारीच्या असल्याने हा नियम त्यांना लागत नाही. लेखापरीक्षक मात्र त्यांनाही असा माग ठेवायला सुचवू लागले आहेत. अशा प्रत्येक बदलानंतर जोडलेल्या फाइली तपासून घ्याव्या लागतात. त्यात तगतात त्या छोट्या फाइली, ज्यांनी मूळ वर्णनांना कमीत कमी ठिकाणी हात लावला आहे. खिडकीच नव्याने रचणाऱ्या देखण्या फाइली आधी कोसळतात.

मालकाच्या बाजूने पाहिलं तर सगळ्यात नाजूक गोष्ट कोड नव्हे, ताबा. टीडीएलची मूळ फाइल वाचता येते. गिऱ्हाईकाला बहुधा तिचं बंद रूप मिळतं, टीसीपी. ती आत उघडत नाही आणि लायसन्सच्या सीरियल नंबरला बांधूनही देता येते. लिहिणाऱ्याच्या पोटापाण्याचा प्रश्न असल्याने हे रास्त आहे. तीच फाइल शेजारच्या दहा पेढ्यांत फुकट फिरली तर त्याने खायचं काय? पण लिहिणारा गाव सोडून गेला, फोन उचलेनासा झाला, तर पेढीच्या हिशेबातले काही रकाने कायमचे कुलूपबंद होतात.

म्हणून फाइल लावून घेताना मालकाने पैशाआधी एका कागदाबद्दल बोलावं. त्यावर कोणते यूडीएफ काढले, त्यांचे क्रमांक काय, कोणत्या खिडकीला हात लावला आणि फाइल काढली तर काय दिसेनासं होईल, हे साध्या मराठीत लिहून घ्यावं. मूळ फाइल हवी असेल तर तिची किंमत वेगळी ठरवावी. दुसरा प्रोग्रॅमर त्या कागदावरून काम पुढे नेऊ शकतो, कुलूपबंद फाइलवरून नाही. मी पाहिलेल्या प्रोग्रॅमरने असा कागद न मागता दिला आणि बिलात त्याचा वेगळा आकार लावला. मालकाने कुरकुरत का होईना, तो भरला. माझ्या मते त्या बिलातली सगळ्यात वसूल होणारी रक्कम तीच होती.