वरचा दोरा आणि खालचा दोरा

अमेरिकेत रजई शिवण्याच्या कामाची एक विभागणी गेल्या तीन-चार दशकांत चांगलीच रूढ झाली आहे. हौशी शिवणारी व्यक्ती रंगीत कापडाचे शेकडो तुकडे कापून, जुळवून आणि एकमेकांस जोडून रजईचा दर्शनी थर घरीच तयार करते, अस्तराचे कापड विकत आणते, आणि हे दोन्ही जिन्नस, मध्ये घालावयाच्या कापसाच्या वा पॉलिएस्टरच्या भरणासह, एखाद्या व्यावसायिक कारागिराच्या स्वाधीन करते. या कारागिराजवळ 'लाँगआर्म' नावाचे, दहा-बारा फूट लांबीच्या चौकटीवर बसविलेले मोठे शिवणयंत्र असते. आपल्या नेहमीच्या मशीनवर कापड सरकते आणि मशीन जागच्या जागी राहते. येथे कापड चौकटीवर ताणून स्थिर ठेवलेले असते आणि यंत्रच त्यावरून चहू दिशांना फिरते. तिन्ही थर एकत्र धरून ठेवणारी नक्षीदार शिलाई करून देण्याची मजुरी बहुधा चौरस इंचाच्या हिशेबाने आकारली जाते. म्हणजे ९० इंच रुंद आणि १०० इंच लांब अशा रजईचे क्षेत्र ९,००० चौरस इंच भरते, आणि दर दोन सेंट धरला तर मजुरी १८० डॉलर होते. या व्यवहारात नक्षी कोणती, भरण कोणते, कडा कोण शिवणार, हे सर्व ठरल्यानंतर एक प्रश्न उरतो, आणि तो वरकरणी किरकोळ वाटत असला तरी पुढे उद्भवणाऱ्या तक्रारींचे बीज पुष्कळदा त्यातच असते: दोरा कोणत्या रंगाचा घालावयाचा? वस्तुतः हा एक प्रश्न नसून दोन प्रश्न आहेत, कारण यंत्राच्या शिलाईत दोरे दोन असतात, एक वरचा आणि एक खालचा.

यंत्रावर शिवलेल्या रजईला प्रतिष्ठा मिळण्यास बराच काळ जावा लागला. एलायस हाऊ याने टोकाशी नेढे असलेली सुई आणि खालून धावणारे शटल यांच्या योगाने दोन दोऱ्यांचा टाका घालणाऱ्या यंत्राचे पेटंट १८४६ मध्ये मिळविले, आणि पुढील काही दशकांत शिवणयंत्र अमेरिकेतील घराघरांत शिरले. तथापि तुकडे जोडण्याचे काम यंत्राने झाले तरी तिन्ही थर टाचणारे टाके हातानेच घातले पाहिजेत, हा आग्रह विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकून होता. केंटकी राज्यातील पडूका या गावी 'अमेरिकन क्विल्टर्स सोसायटी' या संस्थेचे जे वार्षिक प्रदर्शन भरते, त्यात १९८९ साली कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या 'कोरोना २ : सोलर एक्लिप्स' या रजईला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ती यंत्राने शिवलेली होती, आणि यंत्रकामाला असा मान त्या प्रदर्शनात तेव्हा प्रथमच मिळाला. हा मान मिळाला, पण त्याबरोबर परीक्षाही कडक झाली. अशा प्रदर्शनांत पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक प्रेक्षकांना रजईचा कोपरा उचलून मागची बाजू दाखवीत असतात, आणि परीक्षक तर ती पाहतातच. खालच्या दोऱ्याला तेथे लपण्यास जागा नसते.

आता दोन दोऱ्यांचा हा टाका कसा पडतो ते जवळून पाहिले पाहिजे, कारण रंगाचा सारा प्रश्न त्यातूनच निर्माण होतो. सुई वरचा दोरा घेऊन तिन्ही थरांतून खाली उतरते, आणि परत वर येऊ लागली की नेढ्यापाशी दोऱ्याचा एक लहानसा फास सैल पडतो. नेमक्या त्याच क्षणी खाली फिरणाऱ्या शटलचे अणकुचीदार टोक तो फास पकडते आणि बॉबिन केसभोवती, म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिन जिच्यात बसते त्या डबीभोवती, फिरवून नेते, त्यामुळे बॉबिनमधील दोरा त्या फासातून आपोआप ओवला जातो. मग वरचा दांडा उचलला जाऊन जादा दोरा वर ओढून घेतो, आणि दोन्ही दोरे एकमेकांना अडकून घट्ट बसतात. वरचा दोरा वरच राहतो, खालचा खालीच राहतो, आणि त्यांची गुंफण मधल्या भरणाच्या पोटात दडते, असे हे शास्त्र आहे. ते तंतोतंत अमलात आले तर वर तांबडा आणि खाली पांढरा दोरा घालूनही कोणाला काही कळणार नाही.

परंतु भरणाची जाडी ही अशी कितीशी असते? कापसाचे पातळ भरण दाबले गेल्यावर एका नाण्याइतकेही जाड राहत नाही, आणि तेवढ्या जागेत प्रत्येक टाक्याची गुंफण बरोबर मध्यभागी येऊन बसावी, इंचाला दहा-बारा टाके पडत असताना आणि यंत्र क्षणाक्षणाला दिशा बदलीत असताना बसावी, ही अपेक्षा उत्तम यंत्रालाही नेहमी पुरी करता येत नाही. सरळ रेषेत ते साधते. पण पानाच्या टोकाशी रेषा एकदम उलट वळली, किंवा वेटोळ्याच्या वळणावर यंत्राचा वेग वाढला, की सुई किंचित वाकते, दोऱ्यावरचा ताण बदलतो आणि गुंफण मध्यावरून ढळते. वरचा दोरा अधिक ताणला गेला तर खालच्या दोऱ्याचा ठिपका प्रत्येक छिद्रातून वर डोकावतो. उलटपक्षी वरचा ताण सैल असला तर खालचा दोरा अस्तरावर तारेसारखा सरळ पडून राहतो आणि वरच्या दोऱ्याचे बारीक फास त्याला वेढे घालताना दिसतात. दोन्ही दोरे एका रंगाचे असतील तर असा अल्प दोष नजरेत भरत नाही. एक गडद आणि दुसरा फिका असेल तर मात्र गडद निळ्या कापडावर मोहरीएवढ्या पांढऱ्या ठिपक्यांची रांग उमटते आणि सारी नक्षी डागाळल्यासारखी दिसते.

म्हणून जाणता कारागीर रंगाच्या आधी ताणाचा विचार करतो. बॉबिन केसमधून निघालेल्या दोऱ्याला धरून केस हातात लोंबती ठेवावी आणि हाताला हलकासा हिसका द्यावा. केस दोन-तीन इंच खाली घसरून थांबली तर ताण ठीक, सरसर खाली गेली तर सैल, हललीच नाही तर घट्ट, ही जुनी परीक्षा आजही बहुतेक जण करतात, आणि ताण मोजणारे लहानसे उपकरणही बाजारात मिळते. अस्तर दर्शनी थरापेक्षा प्रत्येक बाजूस सुमारे चार इंच मोठे ठेवण्याचा जो शिरस्ता आहे, त्याचा एक लाभ असा की कडेच्या त्या पट्टीवर, रजईच्या अंगाला स्पर्श न करता, नमुन्याची शिलाई करून पाहता येते. चौकटीवर ताणलेल्या रजईची खालची बाजू काम चालू असताना दिसत नाही. त्यामुळे कारागीर अधूनमधून हात खाली घालून बोटांच्या अग्रांनी टाके चाचपतो, आणि गुळगुळीत रेषेऐवजी खरखर लागली तर तेथेच थांबतो. वर चाळीस क्रमांकाचा आणि खाली साठ क्रमांकाचा अधिक बारीक दोरा घालण्याची पद्धतही याच हेतूने पडली आहे, कारण क्रमांक जितका मोठा तितका दोरा बारीक, आणि बारीक दोऱ्याची गुंफण थोड्या जागेत मावते.

इतकी खबरदारी घेऊनही रंगांचा निवाडा करावा लागतोच. एक उदाहरण घेऊ. दर्शनी थर गडद निळ्या कापडाचा आहे आणि गिऱ्हाइकाने अस्तर साध्या मलईरंगी कापडाचे आणले आहे. पहिला मार्ग सर्वांना प्रथम सुचणारा: वर निळा दोरा, खाली मलई रंगाचा. दिसावयास हा न्याय्य वाटतो, पण सर्वांत जोखमीचा हाच, कारण ताणाची लहानशी चूकही दोन्ही बाजूंना उघडी पडते. दुसरा मार्ग दोन्हीकडे निळा दोरा घालण्याचा. दर्शनी बाजू निर्दोष राहते, आणि पाठीवर निळ्या रेषांचे संपूर्ण चित्र उमटते. ते सुंदर दिसू शकते, मात्र जेथे यंत्र अडखळले, जेथे दोरा संपून पुन्हा सुरू झाला, तेही त्या चित्रात दिसते. तिसरा मार्ग दोन्हीकडे मलईरंगी दोरा. मग निळ्यावर प्रत्येक रेषा ठसठशीत उठते आणि हात कसलेला असेल तरच ती शोभते. चौथा मार्ग मधला करडा-निळा रंग दोन्हीकडे घालण्याचा. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे: दोन दोऱ्यांचे रंग अगदी एक नसले तरी चालते, पण त्यांचा उजळपणा जवळजवळचा असावा लागतो, कारण डोळ्यांना निळा आणि हिरवा यांतील भेदापेक्षा गडद आणि फिका यांतील भेद दुरून अधिक लवकर जाणवतो. पाचवा मार्ग सर्वांत उत्तम, पण त्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते: अस्तरच निळ्या आणि मलई अशा दोन्ही छटा असलेल्या, भरगच्च छापाच्या कापडाचे घ्यावयाचे. अशा छापात कोणताही दोरा मुरून जातो, आणि साध्या एकरंगी कापडावर मात्र कोणताही दोरा सुटा उठून दिसतो.

रीळ पाहून दोरा निवडणे ही आणखी एक फसवी वाट आहे. रिळावर दोऱ्याचे शेकडो थर असतात, म्हणून तेथे रंग दाट दिसतो. तोच दोरा एकेरी होऊन कापडावर पडला की फिका वाटतो. यासाठी हातभर दोरा उलगडून तो कापडावर सैल पसरावा, चार पावले मागे सरकून पाहावे, आणि शक्य तर दिवसाच्या उजेडात पाहावे, कारण दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे होतात, असा अनुभव कापड घेणाऱ्या प्रत्येकाला आहे. रंग शेजाऱ्यामुळेही बदलतो. पॅरिसच्या सुप्रसिद्ध गोबेलँ विणकाम-कारखान्यात रंगविभागाचे संचालक असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांच्याकडे तक्रार आली की निळ्या-जांभळ्या कापडातील काळा रंग फिका पडतो. त्यांनी तपास केला तेव्हा दोष रंगद्रव्याचा नसून शेजारच्या रंगांचा आहे असे त्यांना आढळले, आणि या विषयावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. गोबेलँच्या विणकराला जे भोवले तेच रजईच्या कारागिराला रोज भोवते: जो राखाडी दोरा निळ्या तुकड्यावर शांत वाटतो, तोच पिवळ्या तुकड्यावर जांभळट दिसू लागतो.

दर्शनी थरात दहा-वीस रंग असतील तर सर्वांशी जुळणारा दोरा मिळणे अशक्यच, आणि अशा वेळी मध्यम राखाडी किंवा मातकट रंगाचा आश्रय घेतला जातो. पारदर्शक दोराही मिळतो, फिक्या कापडांसाठी निखळ आणि गडद कापडांसाठी धुरकट छटेचा. बदलत्या रंगांच्या दोऱ्याचा मोह अनेकांना पडतो. परंतु एकाच रिळात तांबडा, पिवळा आणि निळा एकामागून एक येत असल्यामुळे खालचा दोरा कोणताही घेतला तरी कोठे ना कोठे तो विजोड ठरतोच, म्हणून खालीही तोच दोरा घालणे श्रेयस्कर. पांढऱ्या भागात पांढरा आणि काळ्या भागात काळा असा दर वेळी दोरा बदलावयाचा तर बॉबिनही बदलावी लागते, वेळ जातो, आणि मजुरी वाढते. गडद रजईच्या बाबतीत भरणाचाही विचार करावा: पांढऱ्या भरणाचे तंतू सुईच्या छिद्रातून वर आले तर ते खालच्या दोऱ्याच्या ठिपक्यांसारखेच दिसतात, आणि म्हणून काळ्या रंगाचे भरण मुद्दाम तयार केले जाते.

या सर्व विवेचनाचा गिऱ्हाइकाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की रजई गिऱ्हाइकाची आहे. तिच्या तुकड्यांत कधी मृत आईच्या साड्यांसारखे जपलेले कपडे असतात, कधी बाळाची पहिली अंगडी, आणि ती एकदा शिवून झाली की हजारो टाके उसवून पुन्हा घालणे म्हणजे कापडाला छिद्रे पाडून ठेवणे होय. अंथरुणात अंगाला लागते ती रजईची पाठ. म्हणून पाठीकडची शिलाई दुय्यम मानण्याचा अधिकार कारागिराला नाही. हुकूम गिऱ्हाइकाचा असला तरी त्याचे परिणाम आधी सांगण्याची जबाबदारी ज्याला ते ठाऊक आहेत त्याची आहे. 'तुम्हांला हवा तो रंग सांगा' एवढे म्हणून मोकळे होणारा कारागीर नम्र दिसतो, पण आपले ज्ञान स्वतःपाशीच ठेवून तो जोखीम दुसऱ्यावर टाकीत असतो. त्याने दोन्ही दोरे कापडावर पसरून दाखवावेत, कडेच्या पट्टीवर नमुना शिवून त्याची दोन्ही अंगे दाखवावीत, ठिपके कोठे दिसण्याचा संभव आहे ते बोट ठेवून सांगावे, आणि जे ठरेल ते वरचा दोरा व खालचा दोरा अशा दोन स्वतंत्र रकान्यांत लिहून त्यावर उभयतांची सही घ्यावी. तोंडी कबुलीवर चाललेले काम महिनाभराने आठवणींच्या भांडणात अडकते. कागदावर आलेली गोष्ट दोघांचेही रक्षण करते.

आपल्याकडच्या गोधडीला हा प्रश्न पडत नाही, याचे कारण तिच्या टाक्यातच आहे. हाताने घातलेला धावदोरा एकच असतो. तो वर आणि खाली आळीपाळीने दिसतो, आणि दोन्ही बाजूंचा रंग साहजिकच एक राहतो. कोकणापासून मराठवाड्यापर्यंत जुनी लुगडी थरावर थर घालून वाकळ शिवणाऱ्या स्त्रियांनी उलट-सुलट असा पंक्तिभेद त्यामुळे फारसा केला नाही. त्यांची गोधडी दोन्ही अंगांनी पांघरता येते. यंत्राने एका दोऱ्याचे दोन केले, कामाचा वेग कितीतरी पटींनी वाढविला, आणि त्याबरोबर दोन बाजूंत भेद करण्याची शक्यताही निर्माण केली. आज महाराष्ट्रातही यंत्रावर गोधड्या शिवून देणारे लोक आहेत. त्यांच्यापुढे हाच निवाडा उभा राहतो, मग यंत्र लहान असो वा मोठे.

तेव्हा रजई किंवा गोधडी यंत्रावर शिवून घेणाऱ्याला माझे सांगणे एवढेच की अस्तराचे कापड घेण्यापूर्वी दोऱ्याचा विचार करावा, कारण अस्तर ठरले की खालच्या दोऱ्याचा रंग अर्धा ठरून गेलेला असतो. साधे एकरंगी अस्तर घ्यावयाचे असेल तर शिलाई दिसणार हे आधीच मान्य करावे. आणि शंका असेल तेथे दोन्ही दोरे एका रंगाचे घालावेत. शिवून देणाऱ्याला सांगणे याहून थोडे अधिक आहे: आदल्या कामातून उरलेली बॉबिन संपविण्यासाठी दुसऱ्याची रजई वापरू नये. त्या उरल्या दोऱ्याची किंमत काही सेंट असेल, आणि ज्या कापडात तो जाणार ते जमविण्यात एखाद्याचे वर्ष गेलेले असेल. दोन्ही बाजूंना सारखाच मान देणारी शिलाई यंत्राने सहज साधत नाही, ती ठरवून साधावी लागते. आणि ती साधण्यासाठी लागणारा अर्ध्या तासाचा विचार, नमुन्याची चार इंच शिलाई आणि नोंदवहीतील दोन रकाने ही या व्यवसायातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक अशी गुंतवणूक आहे.