डायबिटीस नावाचे दोन वेगळे आजार

ज्या ग्रंथी आपला स्राव नलिकेवाटे न सोडता थेट रक्तात मिसळतात, त्यांना अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात, आणि त्यांच्या स्रावातील जी रसायने रक्तावाटे दूरच्या अवयवांपर्यंत पोहोचून त्यांचे कार्य नियंत्रित करतात, ती संप्रेरके होत. संप्रेरकांसाठीची ‘हॉर्मोन’ ही संज्ञा अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये वापरात आणली. परंतु या ग्रंथींशी निगडित असलेल्या काही विकारांची नावे त्याच्या कितीतरी आधीची आहेत. ती रोगाचे कारण सांगत नाहीत, केवळ वैद्यांना दिसलेले लक्षण सांगतात. ‘डायबिटीस’ हे त्यांपैकीच एक होय.

आरपार वाहून जाणे, अशा अर्थाचा हा ग्रीक शब्द प्राचीन वैद्यांनी अतिमूत्रतेला लावला. पुढे काही रुग्णांचे मूत्र गोड, तर काहींचे बेचव असते हे ध्यानात आल्यावर युरोपात अठराव्या शतकात मधासारखा गोड या अर्थाचे ‘मेलिटस’ आणि बेचव या अर्थाचे ‘इन्सिपिडस’ अशी दोन लॅटिन विशेषणे त्याला जोडली गेली. आयुर्वेदानेही प्रमेहाचे २० प्रकार मुख्यतः मूत्राच्या स्वरूपावरूनच ओळखले असून त्यांत मधुमेह आणि उदकमेह हे दोन्ही आहेत. प्रयोगशाळा नसलेल्या काळातील हे निरीक्षण खरोखर आदरास पात्र आहे.

मात्र या दोन्ही आजारांत लघवीचे प्रमाण आणि तहान यांपलीकडे फारसे साम्य नाही. मधुमेहात स्वादुपिंडातून येणारे इन्शुलिन अपुरे पडते किंवा त्याचा परिणाम नीट होत नाही, म्हणून रक्तातील साखर वाढते. डायबिटीस इन्सिपिडसमध्ये साखरेचा संबंधच नसतो. तेथे बिघाड असतो तो व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाच्या कार्यात. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात ते तयार होते, पीयूषिका ग्रंथीच्या मागील भागात साठवले जाते, आणि शरीरात पाणी कमी पडू लागले की रक्तात उतरून मूत्रपिंडांना पाणी परत शोषून घ्यायला लावते. व्हॅसोप्रेसिन हे नाव रक्तवाहिन्या आकुंचित करण्याच्या त्याच्या गुणावरून पडले. दैनंदिन काम पाहता ‘प्रतिमूत्रल संप्रेरक’ हे त्याचे दुसरे नाव अधिक यथार्थ ठरते. ते कमी पडले, किंवा पुरेसे असूनही मूत्रपिंडांनी त्याला दाद दिली नाही, तर प्रौढ व्यक्तीला दिवसाला तीन लिटरांहून अधिक, तीव्र विकारात तर त्याच्या कितीतरी पट, पाण्यासारखी लघवी होते.

संप्रेरकाच्या कमतरतेवर डेस्मोप्रेसिन हे कृत्रिम औषध उत्तम काम करते, परंतु ते चुकले आणि पाणीही पुरेसे मिळाले नाही, तर रक्तातील सोडियम झपाट्याने वाढून मेंदूवर परिणाम होतो व प्राणावरही बेतू शकते. नावातील गोंधळ जीवघेणा ठरतो तो येथेच. रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनी ‘डायबिटीस’ एवढेच वाचून रुग्णाची साखर तपासत राहावे आणि आवश्यक औषध मात्र द्यायचे राहून जावे, असे प्रकार घडले आहेत. २००९ मध्ये लंडनमधील एका रुग्णालयात डेस्मोप्रेसिन न मिळाल्याने एका तरुण रुग्णाचा मृत्यू झाला. पुढे हजाराहून अधिक रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत सुमारे ८० टक्के जणांनी आपला आजार आरोग्यसेवकांनीच मधुमेह समजल्याचा अनुभव नोंदवला आणि सुमारे ८५ टक्के जणांनी नाव बदलण्याच्या बाजूने कौल दिला.

अखेर २०२२ मध्ये अंतःस्रावशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने नवी नावे सुचवली. संप्रेरक कमी पडत असेल तर ‘आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी’, म्हणजे न्यूनता, आणि मूत्रपिंडे दाद देत नसतील तर ‘आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन रेझिस्टन्स’, म्हणजे प्रतिरोध. पहिला प्रकार पीयूषिकेजवळील गाठीमुळे किंवा तेथील शस्त्रक्रियेनंतर उद्भवू शकतो. दुसरा जनुकीय दोषामुळे, तसेच मनोविकारांवर दीर्घकाळ लिथियम घेतल्यामुळेही होऊ शकतो. ही नावे लांबलचक असली, तरी बिघाड कोणत्या संप्रेरकाशी संबंधित आणि कशा स्वरूपाचा आहे, हे ती वाचताक्षणीच सांगतात, आणि वैद्यकीय संज्ञेकडून याहून मोलाची अपेक्षा कोणती असणार?

मराठी घरांत डायबिटीस म्हणजे ‘शुगर’ हे समीकरण इतके घट्ट आहे की जुने नाव येथेही तितकेच फसवे ठरू शकते. नवे नाव सर्वत्र रुळेपर्यंत दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहावीत, अशी कार्यगटाची सूचना आहे. त्यामुळे अशा रुग्णाच्या केसपेपरवर दोन्ही नावांबरोबरच, कमतरतेच्या प्रकारात डेस्मोप्रेसिन थांबवू नये आणि सोडियमवर लक्ष ठेवावे, हेही डॉक्टरांकडून ठळकपणे लिहून घेणे हिताचे आहे.